मूळ प्रतीत आहे

बेल त्याने चुकीची दाबली होती. जायचं होतं वरच्या मजल्यावर, दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे. त्यांचा प्रिंटर कागद गिळून बसला होता. पण जिन्यातला दिवा गेलेला, बाहेर पावसाने भरदुपारी अंधारून आणलेलं, आणि मजले मोजत चढण्याइतका तो सावध माणूस कधीच नव्हता.

दार उघडलं एका मुलीने. केस अर्धे ओले, हातात टॉवेल... आणि चेहऱ्यावर असा सुटकेचा भाव, जणू ती त्याचीच वाट बघत होती.

"आणलात?" तिने विचारलं.

"काय?"

"जाड काचांचा."

त्याने खांद्यावरच्या पिशवीत डोकावून पाहिलं. ब्रश, स्क्रू-ड्रायव्हर, सीडींची चळत. "जाड काचांचं तर... काहीच नाही हो. मी कॉम्प्युटरवाला."

ती वाट बघत होती चष्म्याच्या दुकानातल्या माणसाची. ते कळल्यावर दोघंही हसायच्या बेतात होते, तेवढ्यात आतून खणखणीत आवाज आला, "कॉम्प्युटरवाला? आला एकदाचा! टिंब, आत घे त्यांना!"

"अहो बाबा, पण आपण अजून कुणाला बोलावलंच नाहीये—"

"मग काय परत पाठवतेस? न बोलावता येतं ते खरं भाग्य. चहा टाका गं कुणीतरी!"

टिंब म्हणजे तीच. बाबांनी सारी हयात छापखान्यात मुद्रितं, म्हणजे प्रुफं, तपासण्यात घालवली होती. पोर जन्मली तेव्हा इतकी एवढीशी, की बाबा म्हणाले, हे तर पानावरचं टिंब! पुढे तिची उंची बाबांच्या खांद्याला लागली, पण टिंब काही पुसलं गेलं नाही. "आणि टिंबाला कमी समजू नका," बाबा आल्यागेल्याला ऐकवत. "मुद्रितात शब्द खोडला, आणि मग वाटलं की नाही, बरोबर होता, तर त्याच्या खाली टिंबं द्यायची. म्हणजे काय? असू द्या! मेलेला शब्द टिंबांनी जिवंत होतो."

तर असा तो घरात आला. वरच्या डॉक्टरीणबाईंचा प्रिंटर त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कागद चावत बसला.

तो काळ कॉम्प्युटरला घरात जावयाचा मान असण्याचा. त्याच्यासाठी खिडकीजवळची जागा रिकामी केलेली. आईने जुन्या चादरीचा, झालर लावलेला झगा त्याला शिवलेला. काम झालं की झगा चढवायचा, आणि त्याच्या अंगावर ओला हात कुणी लावायचा नाही. टिंब सकाळी वाचनालयात काम करायची आणि दुपारनंतर या पाहुण्यासमोर बसून बाबांचं पुस्तक टाईप करायची.

पुस्तक म्हणींचं होतं. बाबांनी नोकरीत असल्यापासून चिठ्ठ्यांवर म्हणी गोळा केल्या होत्या. बुटांच्या खोक्यांत भरलेल्या, पलंगाखाली रचलेल्या. प्रकाशक तयार होता. तयार नव्हते ते बाबांचे डोळे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधून शोधून ते थकले होते. नजरेवर पडदा उतरत चालला होता, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी कसलंच वचन दिलं नव्हतं. बाबांचं एकच मागणं होतं... आपल्या पुस्तकाचं शेवटचं मुद्रित आपल्याच डोळ्यांनी वाचायचं.

आणि नेमका आता कॉम्प्युटरला हा रोग.

"दाखवा," तो म्हणाला.

टिंबने फाईल उघडली. पडद्यावर ओळी आल्या. त्याने वाचलं आणि ओठ घट्ट मिटले.

"हसा, हसा," ती म्हणाली. "आमचं रडून झालंय."

"खळखळाट पाण्याला उथळ फार," त्याने वाचलं. "वासरात शहाणी गाय लंगडी. अंगण येईना नाचता वाकडे... अहो, हा व्हायरस तर विनोदी आहे!"

फाईल उघडली रे उघडली की तो व्हायरस चार ठिकाणी शब्दांची अदलाबदल करून ठेवायचा. वाचनालयातल्या एका ताईंचा प्रबंध टिंबने टाईप करायला घेतला होता, त्यांच्या फ्लॉपीबरोबर तो घरात शिरला होता. पाहुणा म्हणून आला आणि घरमालक झाला.

बाबा खुर्ची ओढून जवळ आले. भिंग पडद्याला जवळजवळ टेकवून त्यांनी एक ओळ वाचली. "देव मागतो एक डोळा, आंधळा देतो दोन."

खिडकीच्या पत्र्यावर पाऊस वाजत राहिला.

"ही अदलाबदल मात्र," बाबा हळूच म्हणाले, "अगदीच वाईट नाही."

त्याने पिशवी खाली ठेवली. बाह्या वर सारल्या. "काका, हे पुस्तक मी बरं करून देतो."

"मग तुम्ही डॉक्टर," बाबांनी जाहीर केलं. तेव्हापासून त्या घरात त्याला दुसरं नाव उरलं नाही.

डॉक्टरने आधी कॉम्प्युटरला जोडलेली टेलिफोनची तार काढली. मग स्वतःजवळच्या फ्लॉपीवरून मशीन सुरू केलं. "रोग्याच्या भांड्यातून रोग्याला औषध द्यायचं नाही," तो म्हणाला. मग तपासणी सुरू झाली आणि पडद्यावर एक निळी पट्टी सरकायला लागली. सरकायला म्हणजे काय, गोगलगायसुद्धा मागे वळून तिला हाका मारील अशी.

आता सांगायला हरकत नाही, त्या घरातलं सगळं प्रेम त्या निळ्या पट्टीने जमवलं. पट्टी भरेपर्यंत करायचं काय? बोलायचं.

"ही फ्लॉपी बघा," तो म्हणाला. कोपऱ्यातली इवलीशी खिटी त्याने नखाने सरकवली, तिथे आरपार चौकोनी भोक दिसलं. "ही खिडकी उघडी असली की फ्लॉपी वाचता येते, पण तिच्यावर कुणाला काही लिहिता येत नाही. व्हायरसलाही नाही."

"म्हणजे खिडकी उघडी, पण दार बंद."

"हं. काही माणसंही असतात अशी."

"कोण?"

"असतात... समोरच्याला पहिल्या पानापासून वाचून घेतात. पण आपल्यावर एक अक्षर लिहू देत नाहीत."

टिंबने फ्लॉपी त्याच्या हातातून घेतली, भोकाला डोळा लावला आणि त्यातून त्याच्याकडे पाहिलं. "अक्षर चांगलं असेल तर देतातही," ती म्हणाली... आणि आपणच आपल्या धिटाईने लाल होऊन चहाचे कप उचलून आत गेली. त्या कपात चहा अजून होता.

जाताना डॉक्टरने काय करायचं आणि काय नाही ते कागदावर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलं. परक्याची फ्लॉपी तपासल्याशिवाय आत घालायची नाही. पहारेकरी प्रोग्रॅम चोवीस तास जागा ठेवायचा. त्याने लाल चौकट दाखवली की थांबायचं, वाचायचं, मगच बटण दाबायचं. दुसऱ्या दिवशी त्या कागदावर बाबांच्या लाल पेन्सिलीने तीन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त झालेले होते.

टिंबने चिठ्ठ्या बघून उलटसुलट झालेल्या म्हणी पुन्हा सरळ केल्या. मान मोडून आली. आणि मग एका दुपारी फाईल उघडली, तर 'साजरे डोंगर दुरून'!

डॉक्टर पुन्हा आला. पुन्हा निळी पट्टी, पुन्हा चहा. या खेपेला त्याने खणातल्या, कपाटातल्या सगळ्या फ्लॉप्या मागून घेतल्या आणि एकेक धुऊन काढली. "घर पुसलं आणि पायपुसणं तेच ठेवलं, तर काय उपयोग?" तो म्हणाला. आई त्याला आता 'अहो डॉक्टर' वरून 'अरे, बस ना' वर आली होती. टिंबला तो अजून 'तुम्ही'च म्हणायचा, पण त्या 'तुम्ही'चं वजन रोज थोडं कमी होत होतं.

तरीही व्हायरस परत आलाच.

तिसऱ्या खेपेला डॉक्टर दारातूनच हसत आला. एका डोळ्याने आईचा अंदाज घेत, हलक्या आवाजात म्हणाला, "एक विचारू? मला बोलवायचं असलं तर सरळ बोलवत जा की... व्हायरस कशाला पाळता?"

गंमतच केली होती बिचाऱ्याने. पण वेळ चुकली. त्याच सकाळी बाबांनी चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला होता. टेबल आहे असं समजून, हवेत! फुटलेले तुकडे त्यांनी जमिनीवर चाचपडत गोळा केले होते, आणि ते चाचपडणं टिंबच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

"तुम्हाला हा पोरखेळ वाटतो?" ती म्हणाली. "माझ्या बाबांचे डोळे चाललेत. आणि मी... मी तुमच्यासाठी त्यांचं पुस्तक बिघडवीन?"

"अहो, मी फक्त—"

"नका येऊ तुम्ही. आम्ही दुसरा कुणी बघू."

त्याने पिशवीचा पट्टा खांद्यावर सरळ केला आणि तो जिना उतरला. आईने स्वयंपाकघरातून फक्त एवढंच विचारलं, "दुसरा म्हणजे कोण गं? वर दातवाल्या बाई आहेत, त्यांना बोलावू?"

दुसरा कुणी आला नाही. टिंब वाचनालयात पुस्तकं भलत्याच कपाटांत लावत होती. दुपारी घरी आली की जिन्यात कुणाचं पाऊल वाजतंय का ते ऐकायची आणि मग आपण काही ऐकत नव्हतोच असा चेहरा करायची. प्रकाशकाचा निरोप आला, प्रत कधी देता? बाबा म्हणाले, देतो. पण कधी, ते म्हणाले नाहीत.

एक दिवस वाचनालय लवकर सुटलं. टिंब घरी आली तर आई बाजारात गेलेली, आणि आतल्या खोलीत कॉम्प्युटरचा पंखा घुरघुरत होता. ती दाराशीच थांबली.

बाबा पडद्यासमोर होते. मांडीवर आईचा शिवणाचा डबा. त्यातल्या रिळांच्या आणि बटणांच्या खालून त्यांनी एक फ्लॉपी काढली, शर्टाला पुसली आणि आत सरकवली. पडद्यावर लाल चौकट उमटली. बाबांनी ठोक्यासरशी एंटर दाबला. चौकट गेली. मग ते भिंग घेऊन वाचायला लागले, एकदा ही फाईल, एकदा ती.

"बाबा... काय करताय?"

"आलीस? काही नाही गं, ताडून बघतोय. तू दुरुस्त केलंस ते ठीक, पण मूळ प्रतीशी मेळ नको घालायला? ही तुझी अगदी पहिली फ्लॉपी. जपून ठेवलीय मी."

"आणि ती लाल चौकट?"

"ती येते खरी मधेमधे. बारीक अक्षर असतं, मला कुठलं दिसायला? मी आपला एंटर मारतो."

दर खेपेला डॉक्टर रोग काढत होता, आणि दर खेपेला बाबा आपल्या हाताने, मायेने, नियमाने, मुद्रितशोधकाच्या धर्माला जागून तो परत आत घालत होते. त्यांना हे सांगायचं कसं? आपल्या पुस्तकाचं वाटोळं आपणच करतोय, हे कळलं तर माणूस खचेल. तिने तशीच छत्री उचलली आणि ती खाली उतरली.

डॉक्टरचं दुकान म्हणजे किल्ल्या बनवणाऱ्याच्या आणि शिंप्याच्या मधे दाबून बसवलेली फट. तो एका उघड्या कॉम्प्युटरच्या पोटात ब्रश फिरवत होता. तिला बघून ब्रश हातातच राहिला.

"व्हायरस सापडला," ती म्हणाली. "शिवणाच्या डब्यात."

सगळं सांगून झालं तेव्हा छत्रीचं पाणी गळून तिच्या पायाशी थारोळं झालं होतं. "तुमच्यावर उगाच ओरडले. पण... बाबांना कसं सांगू? मला जमणार नाही."

त्याने तिच्या हातातली छत्री घेतली, मिटली आणि कोपऱ्यात उभी केली. "मीही गंमत कुठे करावी ते शिकलो नाही अजून," तो म्हणाला. "आणि खरं सांगू? विचारलं ते पुरतं गमतीत नव्हतं. वाटलं होतं की... असावं तसं."

"कसं?"

"की मला बोलवायला म्हणून तुम्ही..." त्याने वाक्य सोडून दिलं. "चला. काकांना मी सांगतो."

बाबांसमोर तो जमिनीवर बसला, शिकायला आलेल्या पोरासारखा.

"काका, एक शंका आहे. मूळ प्रत म्हणजे नक्की काय?"

"लेखकाच्या हातची. तिच्यापुढे बाकी सगळं मुद्रित."

"मग तुमच्या पुस्तकाची मूळ प्रत कुठली? शिवणाच्या डब्यातली फ्लॉपी, की पलंगाखालच्या चिठ्ठ्या?"

बाबा हातातली फ्लॉपी अंगठ्याने चोळत राहिले.

"म्हणजे पहिल्या मुद्रितालाच मी मूळ समजलो," ते शेवटी म्हणाले. "आणि रोग त्यातच होता. छापखान्यात कुणी उमेदवाराने ही चूक केली असती, तर मी कान पिळला असता त्याचा." मग त्यांनी मान टिंबकडे वळवली. "तुला माहीत होतं?"

"आज कळलं."

"आणि बोलली नाहीस. पाऊस अंगावर घेत ह्यांना बोलवायला धावलीस." ते हसले. "बरं, डॉक्टर! माझा कान पिळून झाला. आता काम."

त्या दिवशी डब्यातली फ्लॉपीही धुतली गेली आणि तिची खिडकी कायमची उघडी झाली. लाल चौकटीतली अक्षरं डॉक्टरने बोटभर उंच करून दिली. "आता तरी दिसेल ना?" "अरे, ही तर शेजाऱ्यांनासुद्धा दिसेल!" आणि तपासणीची पद्धत बाबांनी ठरवली, छापखान्यातली. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने समोरचं बघत जायचं. आणि वाचायचं ते सगळं. विरामचिन्हंसुद्धा उच्चारायची. "चूक शब्दात नसते, स्वल्पविरामात दडलेली असते."

डॉक्टर चिठ्ठ्या वाचायचा. टिंब पडद्यावर बघायची. बाबा डोळे मिटून आरामखुर्चीत. दुकान बंद करून तो यायचा आणि दिवेलागणीला घर त्याच्या आवाजाने भरून जायचं.

"आंधळा मागतो एक डोळा स्वल्पविराम देव देतो दोन पूर्णविराम."

"बरोबर."

"एका हाताने टाळी वाजत नाही पूर्णविराम."

"बरोबर."

हळूहळू सगळ्यांनाच ती सवय लागली. आई आतून ओरडायची, "चहा झालाय पूर्णविराम! कोण घेणार प्रश्नचिन्ह!" आणि टिंबला रोज रात्री उशीवर डोकं टेकलं की तो आवाज ऐकू यायचा, आणि त्यात कुठेच पूर्णविराम नसायचा.

खोकी रिकामी होत आली. शेवटचं खोकं उघडलं त्या संध्याकाळी पाऊस थांबला होता आणि खिडकीतून ओल्या मातीचा वास येत होता. टिंबला वाटत होतं, चिठ्ठ्या संपूच नयेत. पुस्तक बरं झालं, म्हणजे आता डॉक्टरचं काय काम?

"घरोघरी मातीच्या चुली पूर्णविराम."

"बरोबर."

"पळसाला पाने तीन पूर्णविराम."

"बरोबर."

डॉक्टरने खोक्यात हात घातला. खोकं रिकामं होतं. तो रिकाम्या तळव्याकडे बघत, त्याच सुरात वाचायला लागला, "टिंब स्वल्पविराम तू मला आवडतेस पूर्णविराम."

टिंबची नजर सवयीने ओळीवर सरकली. सरकली आणि अडखळली.

"हे... हे इथे नाही," ती म्हणाली.

"मूळ प्रतीत आहे."

कॉम्प्युटरचा पंखा तेवढा घुरघुरत होता. टिंबने मान वर केली नाही. 'तुम्ही' गेलं होतं आणि 'तू' आलं होतं, अदलाबदल झाली होती, आणि ही अदलाबदल कुठल्याही औषधाने जाऊ नये असं तिला वाटत होतं.

आरामखुर्चीतून, डोळे न उघडता, बाबा म्हणाले, "मूळ प्रतीत असेल, तर घालावं लागेल बाई. आपल्या मनाने गाळता येत नाही."

"पूर्णविराम चुकलाय पण," टिंब कशीबशी म्हणाली. "तिथे... पुढे काहीतरी विचारायचं राहिलंय."

डॉक्टरचा आवाज आता वाचणाऱ्याचा राहिला नव्हता. "माझ्याशी लग्न करशील प्रश्नचिन्ह."

"हो," टिंब म्हणाली.

"हो, आणि पुढे? चिन्ह?" बाबांनी विचारलं.

तिला सुचेना. पडदा, चिठ्ठ्या, तो, सगळं पाण्यातून बघावं तसं दिसत होतं. मग आईच आतून, हातातला झारा वाजवत ओरडली, "उद्गारचिन्ह घाला रे कुणीतरी! पोर रडतेय!"

शेवटचं मुद्रित बाबांनी आपल्या डोळ्यांनी वाचलं. नवा जाड चष्मा, त्यावर भिंग, रोज जमेल तेवढं. आभाराच्या पानावर त्यांनी लिहिलं होतं, 'आमचे डॉक्टर, जे चुकून आमच्याकडे आले.' मग जुन्या सवयीने त्यांनी 'चुकून'वर लाल काट मारली. बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिले. आणि त्याच्याखाली ओळीने टिंबं दिली.

त्या गोष्टीला आता वर्षं लोटली. खिडकीजवळच्या पाहुण्याला कधीच निरोप दिला, त्याचा झालरवाला झगा मात्र कपाटात आहे. शिवणाच्या डब्यातली फ्लॉपी आता चहाच्या कपाखाली असते. डॉक्टरच्या कानशिलावर पांढरं आलंय, आणि टिंबलाही वाचायला चष्मा लागतो. भांडणं होतात. घरोघरी मातीच्या चुली.

"मी तुझ्याशी बोलणार नाही पूर्णविराम," ती म्हणते.

तो वर्तमानपत्राच्या आडून बघतो, खिडकीतून बघावं तसं.

"स्वल्पविराम," तो म्हणतो.

"मुळीच नाही. पूर्णविराम आहे तो. नीट बघ."

तो पेपर खाली ठेवतो. तिच्या तळहातावर बोटाने, ओळीने, एकेक टिंब काढत जातो... आणि ती हात मागे घेत नाही.